विचारून जायचा रस्ता

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थपासून साडेनऊशे किलोमीटर आत, लॅव्हर्टन नावाचं खाणकामगारांचं लहानसं गाव आहे. तिथून ग्रेट सेंट्रल रोड पूर्वेला निघतो आणि सुमारे ११०० किलोमीटरनंतर उलुरूजवळच्या युलारा या पर्यटक वसाहतीत पोचतो. मुंबई-नागपूर अंतराच्या जवळजवळ दीडपट लांबीच्या या वाटेवर शहर एकही नाही. लॅव्हर्टननंतर सुमारे तीनशे किलोमीटरवर चुकायिर्ला, पुढे अडीचशेवर वॉरबर्टन, आणखी सव्वादोनशेवर वाराकुर्ना, मग शंभरेक किलोमीटरवर काल्तुकाचारा, म्हणजेच डॉकर रिव्हर. डिझेल मिळतं ते एवढ्याच ठिकाणी. काही टप्प्यांवर आता डांबर आलं आहे. बाकीचा रस्ता लाल मातीचा आहे आणि पाऊस झाला की तो सरळ बंद करतात.

मेलबर्न, सिडनी, पर्थ इथे आज हजारो मराठी कुटुंबं राहतात. शाळेच्या सुट्टीत फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन वाळवंट पाहायला निघणारी मंडळी त्यांच्यात वाढत आहेत. मे ते सप्टेंबर हा तिथला थंडीचा आणि प्रवासाला योग्य काळ. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत मुलांकडे गेलेले आईवडीलही कधी कधी त्या गाडीत असतात. निघण्यापूर्वी दोन जादा टायर, पाण्याचे कॅन, सॅटेलाइट फोन, औषधं अशी यादी होते. तिच्यात एक कागदही लागतो, तो म्हणजे परवाना. या रस्त्याच्या दोन्ही अंगांची जमीन अ‍ॅबोरिजिनल लोकांची, तिथल्या आदिवासींची आहे. तिच्यातून जायचं तर आधी विचारावं लागतं.

बरेच प्रवासी या परवान्याकडे आणखी एक सरकारी कटकट म्हणून पाहतात. फॉर्म भरायचा, छापून घ्यायचा, काचेमागे ठेवायचा आणि विसरून जायचं. मला मात्र तो या सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. ज्यांना स्वतःच्याच देशात फिरायला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे परवाने मागावे लागले, त्यांच्या हाती तो देण्याचा अधिकार गेल्या पन्नास वर्षांत आला आहे. तो कसा आला हे कळलं की फॉर्म भरायला लागणारी पंधरा मिनिटं जड वाटत नाहीत.

एक रस्ता, दोन परवाने

ग्रेट सेंट्रल रोडसाठी दोन परवाने लागतात, कारण वाटेत हद्द बदलते. डॉकर रिव्हरच्या जरा अलीकडे पश्चिम ऑस्ट्रेलिया संपतं आणि नॉर्दर्न टेरिटरी सुरू होते.

पश्चिमेकडची बरीचशी राखीव जमीन १९७२च्या राज्य कायद्याने स्थापन झालेल्या अ‍ॅबोरिजिनल लँड्स ट्रस्टच्या नावावर आहे. त्यामुळे तिथला परवाना राज्याच्या जमीन आणि वारसा खात्यामार्फत मिळतो. हा मुलूख नान्याचारा आणि त्यांच्याशी नात्याने बांधलेल्या लोकांचा. २००५ साली न्यायालयाने सुमारे १ लाख ८८ हजार चौरस किलोमीटरवर त्यांचा पूर्वापार हक्क मान्य केला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठं आहे आणि तिथे राहणारी माणसं जेमतेम दोन हजारांच्या आसपास आहेत.

हद्द ओलांडली की जमीन पीटरमन अ‍ॅबोरिजिनल लँड ट्रस्टची. इथला परवाना अ‍ॅलिस स्प्रिंग्जमधली सेंट्रल लँड कौन्सिल ही आदिवासींची वैधानिक संस्था देते. नुसतं पार जायचं असेल तर दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. अर्जात प्रवाशांची नावं, गाडीचा क्रमांक, तारखा आणि मार्ग विचारतात. या परवान्यावर इंधन भरता येतं, दुकानातून खाणं घेता येतं, ठरलेल्या जागी मुक्काम करता येतो. मुख्य रस्ता सोडून एखाद्या वस्तीत, झऱ्यावर किंवा डोंगराकडे जायचं असेल तर वेगळा अर्ज लागतो. पत्रकार, व्यावसायिक छायाचित्रकार आणि संशोधक यांचे अर्ज स्वतंत्र असतात, आणि त्यांना उत्तर मिळायला वेळ लागतो.

प्रत्येक भागाची रीत निराळी आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून किंग्ज कॅनियनला आतून नेणारी मेरीनी लूप ही सुमारे दीडशे किलोमीटरची वाट थोडक्या डॉलरमध्ये मिळणाऱ्या पासवर पार करता येते. पास तिथल्या पर्यटन केंद्रात हातोहात मिळतो, पण वाटेत रात्रीचा मुक्काम करायचा नाही. उत्तरेत काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीचा काहिल्स क्रॉसिंग ओलांडला की आर्नहेम लँड लागतं. पलीकडच्या गुनबालान्या गावातल्या कलाकेंद्रात जायलाही नॉर्दर्न लँड कौन्सिलची परवानगी हवी. आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला, नुलुनबायच्या परिसरातल्या समुद्रकिनाऱ्यांवर जायचं तर धिमुरू या योलंगू लोकांनी १९९२मध्ये उभारलेल्या संस्थेकडून पास घ्यावा लागतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात अनांगू पिचांचारा यान्कुन्याचारा लोकांना १९८१च्या कायद्याने एक लाख चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीची मालकी मिळाली. तिथे नुसतं फिरायला म्हणून सहज प्रवेश मिळत नाही.

अरुणाचल किंवा नागालँडला जाऊन आलेल्या मराठी वाचकाला इथे इनर लाइन परमिटची आठवण होईल. त्याचं मूळ इंग्रजांच्या १८७३च्या कायद्यात आहे आणि ते राज्य सरकार देतं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या परवान्यामागे जमिनीची मालकी आहे. कौन्सिल परवाना देते ती त्या त्या जमिनीच्या परंपरागत मालकांच्या वतीने. हा फरक कुठून आला, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

उलटे परवाने

१९२७ साली पर्थ शहराचा मध्यभाग आदिवासींना निषिद्ध जाहीर झाला. कामाला असल्याचा पास जवळ नसेल तर त्यांना तिथे पाऊल टाकता येत नसे. हा हुकूम १९५४पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं चालला. नुंगार लोक ज्या नदीकाठी हजारो वर्षं राहत आले, तिथे त्यांना अटक होऊ शकत होती. १९४४मध्ये त्याच राज्यात आणखी एक कायदा झाला. त्यानुसार आदिवासी माणूस नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करू शकत असे. त्यासाठी आपल्या आप्तांशी आणि समाजाशी संबंध तोडल्याचं त्याला दाखवावं लागे, आणि दिलेलं प्रमाणपत्र काढूनही घेता येई.

चित्रकार अल्बर्ट नामाचिरा यांचं आयुष्य या काळाचा पुरावाच आहे. १९०२ साली हर्मन्सबर्गच्या लुथरन मिशनमध्ये जन्मलेल्या या अरर्न्ता माणसाने मध्य ऑस्ट्रेलियाचे डोंगर आणि पांढऱ्या खोडांची झाडं जलरंगात अशी उतरवली, की त्यांची प्रदर्शनं शहरांत हातोहात विकली जाऊ लागली. देशभर नाव झालं, तरी गुरं चारायला जमीन भाड्याने मागितली तेव्हा ती मिळाली नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायचं ठरवलं, तर आदिवासी म्हणून तीही परवानगी नाकारली गेली. १९५७मध्ये त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळालं, पण त्यांच्या मुलांना आणि नातलगांना ते नव्हतं. दुसऱ्याच वर्षी आपल्या माणसाला दारू दिल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. १९५९च्या ऑगस्टमध्ये ते वारले. आज मेरीनी लूपकडे जाणाऱ्या अनेक गाड्या त्यांच्या जन्मगावावरून जातात, आणि त्या गाड्यांत त्या जमिनीच्या मालकांच्या संमतीचा पास असतो. या दोन गोष्टींमध्ये एका माणसाच्या आयुष्याएवढंही अंतर नाही.

न विचारता काढलेले रस्ते

वाळवंटातले हे रस्ते मुळात कशासाठी झाले, हेही प्रवाशाला ठाऊक हवं. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट सुमारे १८५० किलोमीटरचा, जगातल्या सर्वांत दुर्गम वाटांपैकी एक. गुरं उत्तरेकडून दक्षिणेला हाकत आणण्यासाठी अल्फ्रेड कॅनिंग यांनी १९०६मध्ये त्याची पाहणी केली. पाणी कुठे आहे हे फक्त तिथल्या लोकांना माहीत होतं. कॅनिंग यांच्या पथकाने त्यांना पकडलं, साखळदंडांनी बांधलं आणि पाणवठे दाखवायला लावलं. पथकातल्या स्वयंपाक्याने याविरुद्ध तक्रार केली. १९०८मध्ये चौकशी आयोग बसला, त्याने कॅनिंग यांना निर्दोष ठरवलं आणि त्याच पाणवठ्यांवर विहिरी खोदायचं काम सुरू झालं. आज या वाटेवर जाणाऱ्याला त्याच लोकांच्या वंशजांची परवानगी काढावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते आले ते शस्त्रांच्या चाचण्यांसाठी. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा इथून क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. त्यांचा मार्ग पश्चिम वाळवंटावरून जात होता. सर्वेक्षक लेन बीडेल आणि त्यांच्या छोट्या तुकडीने १९५०च्या दशकात आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो किलोमीटरच्या वाटा पाडल्या. १९५६मध्ये वाराकुर्नाजवळ जाइल्स हवामान केंद्र उभं राहिलं, १९५८मध्ये गनबॅरल हायवे पूर्ण झाला. बीडेल यांची सहनशक्ती आणि कौशल्य वादातीत आहे, आणि ऑस्ट्रेलियात त्यांना मानणारे पुष्कळ आहेत. पण बुलडोझर ज्यांच्या प्रदेशातून गेला त्यांना कुणी विचारलं नाही. एवढ्या प्रचंड मुलखातल्या लोकांची काळजी घ्यायला सुरुवातीला वॉल्टर मॅकडूगल नावाचा एकच गस्ती अधिकारी नेमलेला होता.

क्षेपणास्त्रांच्या जोडीला अणुबॉम्ब आले. १९५३मध्ये एमू फील्डला दोन आणि १९५६-५७मध्ये मारालिंगाला सात स्फोट झाले. पुढे १९६३पर्यंत चाललेल्या लहान प्रयोगांनी प्लुटोनियम जमिनीवर विखुरलं. 'प्रवेश निषिद्ध' अशा पाट्या लावल्या होत्या, पण त्या इंग्रजीत. १९५७च्या मे महिन्यात एक अनांगू कुटुंब मार्कू स्फोटाच्या विवरापाशी मुक्काम करून असलेलं सैनिकांना आढळलं. ते आपल्या नेहमीच्या वाटेने चालत आले होते. १९५३च्या स्फोटानंतर आलेल्या काळ्या धुक्याबद्दल यामी लेस्टर आयुष्यभर बोलत राहिले. तेव्हा ते लहान मुलगा होते, पुढे त्यांची दृष्टी गेली. त्यांच्यासारख्या माणसांनी लावून धरल्यामुळे १९८४मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याच वर्षी मारालिंगा चारुचा लोकांना जमीन परत देणारा कायदा झाला. चाचण्यांचा मुख्य भाग मात्र साफसफाईनंतर, २००९ साली त्यांच्या हाती आला.

कूबर पीडीहून लॅव्हर्टनला जाणारा अ‍ॅन बीडेल हायवे एमू फील्डवरूनच जातो. १३०० किलोमीटरहून लांब असलेल्या या वाटेसाठी मारालिंगा चारुचा लोकांची, अभयारण्य खात्याची आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी जमिनीची अशा वेगवेगळ्या परवानग्या लागतात. वूमेराच्या निषिद्ध क्षेत्रातून जायला संरक्षण खात्याचीही परवानगी लागते, आणि चाचणी असेल तेव्हा ते क्षेत्र बंद असतं. लष्कराच्या परवान्याबद्दल कुणी फारशी कुरकुर करत नाही. ज्यांची जमीन त्या लष्कराने नासवली, त्यांच्या परवान्याबद्दल मात्र ती केली जाते. हा दुजाभाव मला पटत नाही.

नकाराचा अधिकार

१९६३मध्ये आर्नहेम लँडच्या यिर्काला इथल्या योलंगू लोकांनी झाडाच्या सालीवर, आपल्या चित्रांच्या चौकटीत, दोन भाषांत टंकलेले अर्ज ऑस्ट्रेलियाच्या संसदेला पाठवले. त्यांच्या जमिनीतून बॉक्साइटसाठी ३०० चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा त्यांना न विचारता काढून दिला गेला होता. संसदेने जमीन परत दिली नाही, तेव्हा ते न्यायालयात गेले. १९७१मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. योलंगूंची स्वतःची सुघटित कायदाव्यवस्था आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण जमिनीशी असलेलं त्यांचं नातं म्हणजे इंग्रजी कायद्याच्या अर्थाने मालकी नाही, असं त्यांनी ठरवलं. मालक इतरांना आपल्या जमिनीवर येण्यापासून रोखू शकतो, आणि तसा हक्क या कुळांच्या व्यवहारात दिसत नाही, हा त्यांच्या युक्तिवादातला एक धागा होता.

योलंगूंची बाजू मांडणारे वकील होते एडवर्ड वुडवर्ड. १९७३मध्ये गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने आदिवासींना जमिनीचा हक्क कसा द्यावा हे ठरवण्यासाठी आयोग नेमला, आणि त्याचे प्रमुख म्हणून याच वुडवर्ड यांना निवडलं. नको असलेल्या माणसाला आपल्या जमिनीबाहेर ठेवता येणं हा खऱ्या मालकीच्या सर्वांत महत्त्वाच्या पुराव्यांपैकी एक आहे, असं त्यांनी अहवालात नोंदवलं. ज्या कारणाने खटला हरला होता, नेमकं तेच त्यांनी नव्या कायद्याच्या पायाशी ठेवलं. प्रवाशाच्या हातातल्या परवान्याचा जन्म इथे आहे.

याच काळात रस्त्यावरचा लढाही चालू होता. १९६६च्या ऑगस्टमध्ये वेव्ह हिल इथल्या ब्रिटिश मालकीच्या गुरांच्या मळ्यावरून व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे सुमारे दोनशे गुरिंजी माणसं काम सोडून निघाली. मजुरीच्या मागणीतून सुरू झालेला संप जमिनीच्या मागणीपर्यंत पोचला आणि वर्षानुवर्षं टिकला. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारी यांच्या ओंजळीत माती ओतली. मर्विन बिशप या आदिवासी छायाचित्रकाराने टिपलेला तो क्षण आज ऑस्ट्रेलियात घराघरांत ठाऊक आहे. पुढच्या वर्षी, सरकार बदलल्यावरही, नॉर्दर्न टेरिटरीचा जमीन हक्क कायदा संमत झाला.

या कायद्याने मिळालेली जमीन विकता येत नाही. ती ट्रस्टच्या नावावर कायमची राहते. परवानगीवाचून आत येणं हा गुन्हा आहे. आज टेरिटरीची जवळजवळ निम्मी जमीन या कायद्याखाली आदिवासींची आहे. २००८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लू मड बे खटल्यात हा हक्क भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यालाही लागू केला. टेरिटरीच्या किनाऱ्याचा फार मोठा भाग त्यामुळे त्यांच्या संमतीच्या कक्षेत आला.

२००७चा घाव

हा अधिकार मिळाला तरी निर्वेध राहिला नाही. २००७मध्ये आदिवासी मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दलचा एक गंभीर अहवाल प्रसिद्ध झाला. पॅट अँडरसन आणि रेक्स वाइल्ड यांनी तो लिहिला होता. जॉन हॉवर्ड सरकारने त्यानंतर तातडीची कारवाई जाहीर केली आणि वस्त्यांमध्ये लष्कराची मदत घेतली. मोठ्या वस्त्यांचे सार्वजनिक भाग आणि तिकडे जाणारे रस्ते यांच्यासाठीची परवान्याची अट काढून टाकण्यात आली. परवान्याच्या पडद्याआड गुन्हे लपतात, बाहेरच्यांची आणि पत्रकारांची नजर पडली की ते थांबतील, असा सरकारचा युक्तिवाद होता.

मुलांच्या सुरक्षिततेची काळजी खोटी नव्हती. पत्रकारांना परवाना मिळताना होणारा विलंब हाही खरा प्रश्न आहे, आणि वस्तीच्या कारभाराची चिकित्सा व्हायलाच हवी. पण ज्या अहवालाच्या आधारे हे झालं, त्यात परवाने काढून टाकण्याची शिफारस कुठेही नव्हती. दारू आणि अमली पदार्थ घेऊन येणाऱ्यांना अडवायला दुर्गम वस्तीकडे परवान्याखेरीज दुसरं साधन नसतं. पोलिसांच्या राष्ट्रीय संघटनेनेही परवाने टिकवावेत, अशीच बाजू घेतली. मुलांचं रक्षण व्हावं म्हणून कुलूप काढून टाकायचं, हे तर्काला धरून नव्हतं.

मार्च २०२०मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा त्याच देशाने उलट दिशेने पाऊल टाकलं. लँड कौन्सिलांनी परवाने थांबवले आणि केंद्र सरकारने जैवसुरक्षा कायद्याखाली दुर्गम वस्त्या बाहेरच्यांसाठी बंद केल्या. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारांनी आधीच ग्रासलेल्या, रुग्णालयापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माणसांना त्या वर्षी साथीपासून दूर ठेवता आलं. दार बंद करण्याची सोय जागेवर होती म्हणून ते इतक्या लवकर जमलं.

नियमांमागची कारणं

परवान्यावर नियम छापलेले असतात. त्यांची कारणं समजली की ते पाळणं सोपं जातं.

रस्ता सोडून आत जायचं नाही, हा पहिला नियम. पश्चिम वाळवंटातल्या लोकांचा धर्म, कायदा, इतिहास आणि भूगोल हे सारं चुकुर्पा या एकाच व्यवस्थेत येतं. पूर्वजांनी केलेल्या प्रवासातून डोंगर, झरे आणि खडक घडले अशी श्रद्धा आहे, आणि त्यातली काही स्थळं फक्त पुरुषांची, काही फक्त स्त्रियांची असतात. बाहेरच्या माणसाला ती ओळखता येत नाहीत, कारण तिथे देऊळ किंवा कुंपण नसतं. विधींच्या काळात एखादा रस्ता थोडा वेळ बंदही होतो. दिलेला परवाना तेव्हा स्थगित होतो आणि त्याचं कारण तपशिलात सांगितलं जात नाही. ते मागायचंही नसतं.

दारू न्यायची नाही, हा दुसरा नियम. बहुतेक वस्त्यांनी दारूबंदी मागून घेतली आहे. पेट्रोलचंही तसंच. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने या वस्त्यांतली तरुण मुलं मेली किंवा मेंदूने कायमची अधू झाली. २००५पासून ओपल नावाचं, नशा आणणारे घटक फार कमी असलेलं पेट्रोल इथल्या पंपांवर आलं, आणि हुंगण्याचं प्रमाण मोठ्या प्रमाणावर उतरलं. गाडीला ते चालतं. वस्त्यांनी आपल्या मुलांसाठी केलेली ही निवड आहे, प्रवाशाने ती निमूटपणे मानावी.

तिसरा नियम फोटोंचा. माणसांचे, वस्तीचे आणि स्थळांचे फोटो विचारल्यावाचून काढायचे नाहीत. कुणी वारलं असेल तर वस्ती शोकात असते. मृताचं नाव उच्चारलं जात नाही, त्याचं चित्र दाखवलं जात नाही, आणि कधी कधी बाहेरच्यांना येऊ नका असं सांगितलं जातं. परवाना देणाऱ्याला ही बातमी आधी मिळते. अर्जावर तारखा विचारण्यामागे तेही एक कारण असतं.

या चौकटीत पाहण्यासारखं पुष्कळ आहे. वॉरबर्टनला चुल्युरू कलादालनात वाळवंटातल्या चित्रकारांची मोठी चित्रं आणि काचेवरचं काम पाहायला मिळतं. वाराकुर्नाच्या कलाकेंद्रात चित्रकाराकडून थेट चित्र विकत घेता येतं, आणि पैसे त्याच्याच घरी जातात. डॉकर रिव्हरच्या पूर्वेला लॅसेटरची गुहा लागते. सोन्याचा साठा शोधायला निघालेले हॅरल्ड लॅसेटर १९३१मध्ये शेवटच्या दिवसांत इथे राहिले आणि पुढे चालताना मेले. त्या दिवसांत त्यांना अन्न देणारे तिथले आदिवासीच होते.

रस्त्याच्या टोकाला उलुरू आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी तो अनांगू लोकांना परत मिळाला आणि त्यांनी तो ९९ वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानाला दिला. त्यावर चढू नका, ही त्यांची विनंती वर्षानुवर्षं पाटीवर लिहिलेली होती, आणि लाखो लोक ती वाचून चढत होते. बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९पासून चढाई कायमची बंद झाली. विनंतीला जोर कधी येतो, हे त्या मधल्या वर्षांनी दाखवून दिलं. नकाराचा अधिकार मागे असेल तेव्हाच.

गैरसोयीबद्दल

गैरसोय खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. एकाच प्रवासात तीन-चार कार्यालयांकडे अर्ज करावे लागतात. प्रत्येकाचा फॉर्म निराळा, मुदत निराळी, उत्तराचा वेग निराळा. पावसाने एक दिवस वाया गेला तर परवान्याची तारीख उलटायची भीती असते. राज्यांनी आणि लँड कौन्सिलांनी मिळून एकाच ठिकाणी अर्ज घेतले तर प्रवाशांचे आणि त्यांचेही श्रम वाचतील, आणि रस्त्यावर नक्की कोण आहे हे शोधपथकालाही कळेल. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या या मुलखात गाडी बंद पडलेल्या माणसाचा जीव त्या नोंदीमुळे वाचू शकतो. पद्धत सुधारायची मागणी करावी. अटच काढून टाका, ही मागणी मात्र जुन्या अन्यायाला पुन्हा वाट करून देणारी आहे.

डांबर पुढे सरकतं आहे. लॅव्हर्टनपासून क्वीन्सलँडच्या विंटनपर्यंत, सुमारे २७०० किलोमीटरचा आउटबॅक वे पूर्ण पक्का करायची योजना चालू आहे. रस्ता पक्का झाला की वस्त्यांना धान्य स्वस्त मिळेल, रुग्णवाहिका वेळेत पोचेल, हे चांगलंच आहे. गाड्याही अनेक पटींनी वाढतील. तेव्हा परवान्याची अट जुनाट ठरवून काढण्याचा आग्रह पुन्हा होईल. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांत तिथे राहणारे मराठी मतदारही असावेत, असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर निघण्याच्या महिनाभर आधी अर्ज करा. प्रत्येक प्रवाशाचं नाव आणि गाडीचा क्रमांक खरा लिहा. परवान्याची छापील प्रत जवळ ठेवा, कारण वाटेत मोबाइलला रेंज नसते. डिझेलचा हिशोब ते मिळणाऱ्या ठिकाणांच्या अंतराप्रमाणे करा, अंधारात गाडी चालवू नका, रस्ता बंद अशी पाटी दिसली तर थांबा. वाटेतल्या दुकानात आणि कलाकेंद्रात खरेदी करा. आणि उत्तर 'नाही' असं आलं, तर कारण न विचारता दुसरा रस्ता धरा. जमीन त्यांची आहे, आणि हो म्हणायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं आहे.